खेळ पुन्हा सुरू करताना : बास्केटबॉलच्या मैदानावर मी शिकलेला धडा



मी गणित शिकवते. पण पावसाळा सरत आला की शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस सुरू होतात आणि महिनाभर माझ्या पर्समध्ये खडूच्या जोडीला शिट्टीही असते. कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळायचे. पुढे गुडघ्याने साथ सोडली, खेळणं थांबलं, पण मैदान काही सुटेना. म्हणून पंचाची परीक्षा दिली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी आणि स्पर्धांच्या काळात मी पंच म्हणून उभी राहते.

वर्गातली मुलं विचारतात, "बाई, पंच म्हणजे नुसती शिट्टी वाजवायची ना?" खरं सांगू का, शिट्टी वाजवणं सोपं असतं. डोळ्यांना दिसलं, वाजवली. अवघड असतं ते पुढचं. थांबलेला खेळ पुन्हा कुठून, कोणाच्या हातून, किती गुणांच्या संधी देऊन सुरू करायचा, हे ठरवणं. मी आज त्याच्याबद्दलच लिहिणार आहे. कारण त्यात मी एकदा चुकले, आणि ती चूक माझ्याऐवजी मुलींच्या एका संघाला भोगावी लागली.

आधी थोडी माहिती करून घेऊ. ज्यांना खेळ येतो त्यांनी हा भाग भरभर वाचला तरी चालेल.

बास्केटबॉलमध्ये बहुतेक वेळा खेळ पुन्हा सुरू करणं सरळ असतं. साधा फाउल झाला, म्हणजे एखाद्या खेळाडूने नियमाबाहेर धक्का दिला किंवा हात धरला, तर ज्या संघावर फाउल झाला त्याला बाजूच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला मिळतो. याला थ्रो-इन म्हणतात. बास्केट मारत असताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर दोन फ्री थ्रो मिळतात. तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारत असेल तर तीन. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून साध्या फाउललाही दोन फ्री थ्रो.

याशिवाय दोन जड फाउल आहेत. एक टेक्निकल. उद्धट बोलणं, पंचाशी हुज्जत, कोचने मैदानात घुसणं, अशा वागण्याबद्दल तो दिला जातो. त्याची शिक्षा एक फ्री थ्रो, आणि मग खेळ जिथे थांबला होता तिथूनच पुढे. दुसरा अनस्पोर्ट्समनलाइक, ज्याला मैदानावर सगळे 'यू' म्हणतात. खेळाशी संबंध नसलेला धक्का, रागाने ढकलणं वगैरे. त्याची शिक्षा मोठी आहे. दोन फ्री थ्रो तर मिळतातच, शिवाय त्यानंतर चेंडूचा ताबाही त्याच संघाला मिळतो. फ्री थ्रो आत गेले काय, बाहेर गेले काय, चेंडू त्यांचाच.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सगळा गोंधळ तिथेच झाला.

२०१९ सालची गोष्ट. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा, सतरा वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना. जिंकेल तो संघ विभागीय स्पर्धेला जाणार होता. सिमेंटचं मैदान, एका बाजूला गुलमोहर, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गुणलेखकांचं टेबल. टेबलावर यजमान शाळेतली मुलं बसली होती. स्कोअरशीट लिहायला नववीतली एक मुलगी होती. चष्मा, दोन वेण्या, हातात दोन रंगांची पेनं. ती फारसं बोलत नव्हती. मी मुख्य पंच होते आणि माझा जोडीदार पंच त्या वर्षी नुकताच परीक्षा पास झालेला तरुण होता.

एक संघ पिवळ्या जर्सीत, एक निळ्या. दोन्ही शाळांची नावं मी इथे सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती.

शेवटची अडतीस सेकंद उरली होती. पिवळा संघ ४१, निळा ४०. निळ्याची सात नंबर मुलगी चेंडू घेऊन आत घुसली, उडी मारली, आणि पिवळ्याच्या चार नंबरने तिच्या हातावर फटका मारला. चेंडू रिंगला लागून बाहेर. मी शिट्टी वाजवली. फाउल, दोन फ्री थ्रो. इथपर्यंत सगळं सरळ.

सात नंबर खाली पडली होती. तिची मैत्रीण, निळ्याची नऊ नंबर, धावत आली आणि तिने पिवळ्याच्या चार नंबरला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. पुन्हा शिट्टी. अनस्पोर्ट्समनलाइक. तेवढ्यात पिवळ्यांचे कोच ओरडत मैदानाच्या मधोमध आले. त्यांना टेक्निकल. ते बघून निळ्यांचे कोच आले, त्यांनी हातातली वही जमिनीवर आपटली. त्यांनाही टेक्निकल.

अर्ध्या मिनिटात चार फाउल, आणि घड्याळ जागच्या जागी. कडेला पालक उभे राहिले होते. कोणी 'रेफ्री हाय हाय' म्हणत होतं. माझ्या घशाला कोरड पडली होती आणि मनात एकच होतं, हे लवकर मिटवायचं.

मी जोडीदाराला जवळ बोलावलं आणि मोठ्याने हिशेब केला. "दोन्ही कोचचे टेक्निकल, एक तिकडे एक इकडे, फिट्टंफाट. निळ्याचे दोन फ्री थ्रो, पिवळ्याचे दोन फ्री थ्रो, तेही फिट्टंफाट. उरला काय? पिवळ्यांचा ताबा. पिवळ्यांचा थ्रो-इन." त्याने मान हलवली. मी टेबलाकडे जाऊन तसं सांगितलं.

आणि गंमत बघा, सगळे शांत झाले! दोन्ही कोच आपापल्या बाकाकडे गेले. पालकांमधून कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. निर्णय ऐकायला इतका समतोल वाटत होता की तो चुकीचा असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. निळ्यांच्या कोचना तर वाटलं असणार, बरं झालं, आपल्या मुलीने ढकलल्याचे दोन थ्रो वाचले.

फक्त एका व्यक्तीला शंका आली. स्कोअरशीट लिहिणाऱ्या त्या मुलीला.

स्कोअरशीटवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे फाउलचे रकाने असतात. साध्या फाउलला इंग्रजी 'पी', अनस्पोर्ट्समनलाइकला 'यू', कोचच्या टेक्निकलला 'सी'. शेजारी त्या फाउलला किती फ्री थ्रो, तो आकडा. आणि शिक्षा रद्द झाली असेल, तर आकड्याच्या जागी छोटा 'सी' लिहायचा.

तिने विचारलं, "बाई, चार नंबरच्या पीला छोटा सी लिहू?"

"लिही."

"आणि नऊ नंबरच्या यूला? त्याला पण छोटा सी? पण त्याचा ताबा तर आपण दिला ना?"

मी म्हणाले, "लिही गं पटकन, वेळ चाललाय."

वेळ चालला नव्हता. घड्याळ बंद होतं. वेळ फक्त माझ्या डोक्यात चालला होता.

पिवळ्यांनी चेंडू आत टाकला, वीस-बावीस सेकंद फिरवत ठेवला आणि मग एक घाईचा शॉट मारला. तो चुकला. रिंगखाली झटापट झाली आणि चेंडू पिवळ्या मुलीच्या हाताला लागून रेषेबाहेर गेला. मी शिट्टी वाजवली. बारा सेकंद. चेंडू निळ्यांचा.

त्या क्षणी टेबलावरची ती मुलगी उभी राहिली. "बाई!" तिने हात वर केला होता. मी तिच्याकडे बघितलं आणि तळहात दाखवला. नंतर. खेळ रंगात होता, निळ्या मुली रेषेवर येऊन उभ्या होत्या. मी चेंडू त्यांच्या हातात दिला.

निळ्या मुलींनी अख्खं मैदान पळून पार केलं. शेवटचा शॉट सात नंबरनेच मारला. चेंडू रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. पिवळा ४१, निळा ४०.

मी स्कोअरशीटवर सही केली. नीट वाचली नाही. मुलगी शेजारी उभी होती, पण आता ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही की तुला मघाशी काय सांगायचं होतं.

संध्याकाळी एसटीत बसले. खिडकीची जागा मिळाली होती. गाडी फाट्याच्या पुढे गेली आणि अचानक तिचं वाक्य डोक्यात परत आलं. "त्याचा ताबा तर आपण दिला ना?" पिशवीतून नियमपुस्तक काढलं. फिबाच्या नियमपुस्तकात, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या पुस्तकात, ४२ वा नियम याच प्रसंगांसाठी आहे. त्याचं नावच 'विशेष परिस्थिती'. मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचला, असं म्हटलं तरी चालेल.

तो नियम माझ्या शब्दांत असा आहे. घड्याळ थांबलेलं असताना एकामागून एक फाउल झाले, तर आधी सगळे फाउल नोंदवायचे आणि प्रत्येकाची शिक्षा काय ते ठरवायचं. मग ते कोणत्या क्रमाने घडले ते ठरवायचं. मग दोन्ही संघांच्या ज्या शिक्षा एकमेकींच्या बरोबरीच्या आहेत, त्या क्रमाने रद्द करायच्या. दोघींनी एकाच वेळी एकमेकींना फाउल केला असेल, ज्याला डबल फाउल म्हणतात, त्याच्या शिक्षाही अशाच रद्द होतात. उरलेल्या शिक्षा ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने अमलात आणायच्या. आणि शेवटच्या शिक्षेत चेंडूचा ताबा असेल, तर त्याआधीचे ताब्याचे सगळे हक्क संपतात.

आणखी एक बारकावा आहे. एखाद्या शिक्षेचा पहिला फ्री थ्रो मारायला चेंडू खेळाडूच्या हातात दिला, की ती शिक्षा पुढच्या कुठल्या शिक्षेशी रद्द करता येत नाही. जे सुरू झालं ते पूर्ण करायचं.

आता माझं उदाहरण या पायऱ्यांवर ठेवू. पहिला फाउल, शिक्षा निळ्यांना दोन फ्री थ्रो. दुसरा, पिवळ्यांना दोन फ्री थ्रो आणि ताबा. तिसरा, निळ्यांना एक फ्री थ्रो. चौथा, पिवळ्यांना एक फ्री थ्रो. तिसरा आणि चौथा बरोबरीचे, ते रद्द. इथे माझं बरोबर होतं. पण पहिला आणि दुसरा? 'दोन फ्री थ्रो' आणि 'दोन फ्री थ्रो अधिक ताबा'. या शिक्षा समान नाहीत! म्हणून काहीच रद्द होत नाही. आधी निळ्याच्या सात नंबरने दोन फ्री थ्रो मारायचे, रिबाउंडसाठी कोणीही शेजारी उभं न राहता, कारण पुढे अजून शिक्षा बाकी आहे. मग पिवळ्याच्या चार नंबरने दोन फ्री थ्रो मारायचे. मग पिवळ्यांनी पुढच्या अर्ध्या भागातल्या थ्रो-इन रेषेवरून चेंडू आत टाकायचा. घड्याळ तोपर्यंत अडतीस सेकंदांवरच.

माझी चूक कशी झाली हे कळलं तेव्हा मला एसटीत हसूही आलं आणि रडूही. आठवी-नववीतली मुलं एक चूक हमखास करतात. अंशात 'क्ष अधिक दोन' असतं, छेदात 'दोन' असतं. मुलं वरचा दोन आणि खालचा दोन उडवतात आणि उत्तर लिहितात 'क्ष'. मी दर वर्षी फळ्यावर लाल खडूने फुली मारून सांगते, अरे, वर बेरीज आहे, त्यातला एकच तुकडा उचलून उडवता येत नाही! आणि मी स्वतः काय केलं होतं? 'दोन अधिक ताबा' यातला दोन उडवला आणि ताबा शिल्लक ठेवला. गणिताच्या बाईंनी, भर मैदानात.

त्या मुलीला हेच अडलं होतं. शिक्षा रद्द झाली तर छोटा सी लिहायचा, नाही झाली तर आकडा ठेवायचा. अर्धा छोटा सी लिहायला कागदावर जागाच नाही. कागद सांगत होता की हिशेब चुकतोय, आणि कागद फक्त तीच नीट वाचत होती.

यापेक्षा जास्त लागलं ते पुढचं. दोनच पानं पुढे ४४ वा नियम आहे, सुधारता येण्याजोग्या चुकांचा. मिळायला हवे होते ते फ्री थ्रो द्यायचे राहिले, तर ती चूक सुधारता येते. पण मुदत आहे. चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, त्यानंतर पहिल्यांदा चेंडू थांबला, आणि तो पुन्हा खेळता होण्याच्या आत ती चूक लक्षात यायला हवी. म्हणजे कधी? बारा सेकंद उरलेली असताना, चेंडू रेषेबाहेर गेला होता तेव्हा. ती मुलगी हात वर करून उभी होती तेव्हा. मी चेंडू निळ्या मुलीच्या हातात दिला, आणि त्या क्षणी मुदत संपली. दहा सेकंद थांबून तिचं ऐकलं असतं, तर दोन्ही संघांचे राहिलेले फ्री थ्रो मारून घेऊन, मग निळ्यांना तोच चेंडू तिथूनच देता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निळ्या संघाच्या क्रीडाशिक्षकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, निकाल तर बदलणार नाही."

"नाही सर. तक्रार सामना संपल्यावर लगेच, कर्णधाराच्या सहीने करायची असते. ती वेळ गेली. पण आयोजकांना मी माझी चूक लेखी कळवतेय."

"मग मला कशाला सांगताय? मुलींना सांगा."

ते बरोबर बोलले. शनिवारी सकाळची शाळा होती. मी गेले. मैदानाच्या पायऱ्यांवर बारा मुली बसल्या होत्या. वर्गात मी शंभर वेळा उभी राहिलेय, पण त्या दिवशी हात कुठे ठेवावेत कळेना. मी खडूने फरशीवरच चार फाउल लिहिले, बाणांनी क्रम दाखवला, आणि कुठे चुकले ते सांगितलं.

एकीने विचारलं, "म्हणजे आम्ही जिंकलो असतो?"

"माहीत नाही. तुमचे दोन थ्रो होते, मग त्यांचेही दोन होते, आणि चेंडू त्यांचाच होता. कदाचित हरलाही असता."

तेव्हा सात नंबरची मुलगी बोलली. ती दहावीत होती. म्हणाली, "त्यांचे त्यांनी घातले असते की नाही ते त्यांचं. पण माझे दोन तर माझे होते ना, बाई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी फक्त म्हणाले, "हो. तुझे होते."

मित्रांनो, त्या मुलींपैकी दहावीच्या मुलींना पुन्हा शालेय स्पर्धा नव्हतीच. नववीच्या मुली म्हणत होत्या, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी करोना आला आणि शाळांची मैदानं ओस पडली.

निघताना एका मुलीने विचारलं, "मोठ्या सामन्यांत पण असं होतं का?" मी तिला म्युनिकची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते. १९७२ चं ऑलिंपिक, पुरुषांचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. १९३६ पासून अमेरिका ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा एकही सामना हरली नव्हती. तीन सेकंद उरली असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सवर फाउल झाला. त्याने दोन्ही फ्री थ्रो घातले आणि अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली. मग खेळ पुन्हा सुरू करण्यावरून गोंधळ झाला. सोव्हिएत संघाचं म्हणणं, आम्ही टाइमआउट मागितला होता. एक सेकंद उरलेली असताना खेळ थांबवला गेला. मग तीन सेकंद परत द्यायचं ठरलं, पण घड्याळ नीट लावून होण्याआधीच चेंडू खेळात आला. भोंगा वाजला, अमेरिकेचे खेळाडू नाचू लागले. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी पुन्हा तीन सेकंद द्यायला लावली. तिसऱ्या वेळी इव्हान येदेश्कोने मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू फेकला आणि अलेक्सांद्र बेलोव्हने तो बास्केटमध्ये घातला. ५१-५०. अमेरिकेची तक्रार पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं स्वीकारली नाहीत.

तिथे खेळ तीनदा सुरू झाला आणि वाद पन्नास वर्षांनंतरही मिटला नाही. कोण बरोबर होतं हा वेगळा विषय. पण बघा, वाद कोणी चांगला खेळला याचा नाही. खेळ कुठून पुन्हा सुरू करायचा, याचा आहे.

या खेळाच्या जन्मापासून फाउलच्या क्रमाला किंमत आहे. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हा खेळ सुरू केला, तेव्हा फक्त तेरा नियम होते. त्यातला एक असा, की एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले तर समोरच्या संघाला एक गोल. आणि लागोपाठ म्हणजे काय, तर मध्ये समोरच्या संघाने एकही फाउल केलेला नसताना. म्हणजे तेव्हाही पंचाला कोणाचा फाउल आधी, कोणाचा नंतर, हे लक्षात ठेवावंच लागत होतं.

आता मी सामन्याला जाते तेव्हा असा प्रसंग आला की आधी दोन्ही संघांना त्यांच्या बाकांकडे पाठवते. जोडीदाराला घेऊन टेबलापाशी जाते. सगळे फाउल क्रमाने मोठ्याने म्हणते आणि स्कोअरशीट लिहिणाऱ्याला विचारते, "तुझ्याकडे असंच आहे का?" त्याने हो म्हटल्याशिवाय शिक्षांकडे वळत नाही. सगळं रद्द होऊन काहीच उरलं नाही, तर पहिला फाउल झाला तेव्हा काय चाललं होतं ते आठवायचं. त्याच सुमारास बास्केट झालं असेल, तर ज्यांच्यावर झालं त्यांना त्यांच्या शेवटच्या रेषेमागून चेंडू. बास्केट झालं नसेल पण चेंडू एका संघाकडे असेल किंवा मिळणार असेल, तर त्या संघाला, पहिला फाउल झाला त्याच्या जवळच्या जागेवरून. चेंडू कोणाचाच नसेल, तर टेबलावरचा बाण ज्या संघाकडे असेल त्याला. कडेचे लोक ओरडतात, "ओ मॅडम, आटपा!" ओरडू देत. घड्याळ बंद असतं.

आणि एक गोष्ट, जी मला फार आवडते. शिक्षा रद्द झाली तरी फाउल पुसला जात नाही. खेळाडूच्या नावापुढे तो राहतो, तिच्या पाच फाउलमध्ये मोजला जातो. दोघी एकमेकींना ढकलतात, शिक्षा फिटते, पण दोघींची नोंद राहते. वर्गात भांडण झालं की आपण शिक्षक बऱ्याचदा म्हणतो, "दोघांचंही चुकलं, जा, हात मिळवा." त्यात कधीकधी एखाद्याचे दोन फ्री थ्रो राहून जातात. आता मी आधी दोघांना काय काय झालं ते क्रमाने कागदावर लिहायला लावते. वेळ लागतो. पण लिहिताना मुलांचा अर्धा राग उतरतो आणि मला खरं काय ते कळतं.

त्या नववीतल्या मुलीलाही मी नंतर शोधून काढलं. तिला सांगितलं, की तू बरोबर होतीस आणि मी तुझं ऐकायला हवं होतं. ती लाजली. म्हणाली, "बाई, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय." हे वाक्य मला त्या एका गुणाच्या निकालाइतकंच लागलं. तेव्हापासून वर्गात कोणी हात वर केला की 'नंतर' म्हणायच्या आधी मी एकदा थांबते.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. पिवळ्या संघाने बास्केट केलं. चेंडू जाळीतून खाली पडतोय तोच निळ्यांच्या कोचना टेक्निकल मिळाला. लगेच पिवळ्यांच्या कोचनाही टेक्निकल मिळाला. आणखी कोणताही फाउल नाही. खेळ पुन्हा कसा सुरू कराल? वहीत आधी फाउल क्रमाने लिहा, प्रत्येकाची शिक्षा लिहा, बरोबरीच्या शिक्षा रद्द करा, मग काय उरतं ते बघा. तुमचं उत्तर 'निळ्या संघाला त्यांच्या शेवटच्या रेषेमागून थ्रो-इन' असं आलं, तर तुम्हाला नियम कळला. वेगळं आलं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासा. घाई नाही.